विसाच्या रेषेवर

अंजुलोनं पाच मित्रांची शी
स्वतःच करून दिली.
म्हणजे एका सकाळी सहा डब्या भरल्या,
सहा नावांच्या,
मोबदल्यात उसाची दोन कांडकी
आणि एक हवा गेलेला चेंडू.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं.
मी शाळेच्या ओसरीवर सूक्ष्मदर्शक मांडून बसले होते,
वोलायताच्या त्या डोंगरउतारावर,
जिथं एनसेटची झाडं केळीसारखी दिसतात
पण केळं कधी देत नाहीत.
त्यांच्या बुंध्याशी सावली, ओल, शेण, राख
आणि घरामागं टाकायचं ते सगळंच.
लाल माती. तिला पायांची सवय,
पायांना तिची.

चाळणीतून गाळायचं, हिरव्या सेलोफेनखाली दाबायचं,
घड्याळ लावायचं.
अंकुशकृमीची अंडी तासाभरात
विरघळल्यासारखी दिसेनाशी होतात,
उशीर झाला की आजारी पोर निरोगी ठरतं.
गोलकृमीची मात्र थांबतात,
तपकिरी, खडबडीत, निवांत.
मातीतही तशीच थांबतात, वर्षानुवर्षं,
एखाद्या न धुतलेल्या बोटाची वाट बघत.

पन्नासांत तेरा.
तो आकडा राजधानीतल्या ऑफिसात गेला.
पाऊस, उंची, मातीचं तापमान, पाण्यापर्यंतचं अंतर
तिथल्या यंत्रात आधीच जाऊन बसलेलं,
आणि आमचा चौकोन नारिंगी झाला.
पाच किलोमीटर लांब, पाच रुंद.
त्यात शाळा, मंगळवारचा बाजार, दोन चर्च,
दाल्गितेचं घर.
तिनं नकाशा उलटा धरून विचारलं,
यात माझा संडास कुठंय?
दिसत नाही, मी म्हटलं.
बरोबर आहे, ती म्हणाली, नाहीच तो.

शेजारचे चौकोन तर आम्ही पाहिलेलेच नव्हते.
त्यांना रंग दिला आमच्यावरून.
ज्या गावांना पाय लागला नाही
तिथल्या पोटांचा अंदाज.
म्हणजे अंजुलोची ती एक सकाळ
दरीपलीकडंही फिकट पसरली होती.

कळलं ते नकाशा छापून आल्यावर,
वही पुन्हा चाळताना.
सहा काचांवर जवळजवळ एकच आकडा.
मग आठवली
सहाही डब्यांतली मक्याची तीच पिवळी सालं.
ओचोरे मास्तरांनी खोदून विचारलं,
अंजुलोनं पोटातलं ओठांवर येऊ दिलं नाही.
मित्रांनीच सांगितलं.
त्यांना लाज वाटली होती, एवढंच,
हातात डबी घेऊन
बाईसमोर रांगेत उभं राहायची.

पाच नावं खोडली.
उरले पंचेचाळीसांत आठ.
शंभरात अठराही नाहीत,
आणि गोळ्यांचं खोकं येतं ते विसाच्या वर.
खोटं ठेवलं तर चारशे पोरांना गोळी,
खरं लिहिलं तर चौकोन फिका.
कुणाला न सांगता पोटात ठेवावं म्हटलं,
पण या कामात
पोट ही जागाच विश्वासाची राहिलेली नाही.

पुन्हा गेले. पायीच, रस्ता वाहून गेला होता.
पाच नव्या डब्या, नावांऐवजी नंबर,
वर वर्तमानपत्राची पुडी, कुणाला दिसू नये म्हणून.
तिघांनी दिल्या. दोघांत सापडली.
दहा, अठ्ठेचाळीसांत.
विसाच्या रेषेपलीकडं जेमतेम एक टाच.

नारिंगी परत आला.
ऑफिसातून फोनही आला, आता आकडे स्वच्छ आहेत म्हणून.

टोमा आणि बुनारो मात्र भेटले नाहीत.
मक्याची कापणी संपल्यावर
मामाबरोबर अदिसला गेले,
लोकांच्या बुटांना पॉलिश करायला.
जाताना दोघांच्याही पायांत काही नव्हतं,
असं त्यांची आई सहज म्हणाली.

त्यांच्या डब्या अजून माझ्या पिशवीत आहेत,
कोऱ्या, झाकणं घट्ट.
अंजुलो फाटकापर्यंत सोबत आला,
पिशवीकडं बघत राहिला,
मग हळूच म्हणाला,
मी भरून देऊ?