तीन कोटेशनं

पहिलं दुकान परभणीत, स्टेशन रोडला, तळघरात.
पोरानं शटर ओढलं, दिवे घालवले
आणि भिंतीवर निळे मासे पोहू लागले.
"तीन हजार ल्युमेन, मॅडम. बघतच राहाल."
राहिले खरी बघत.
मग म्हटलं, शटर वर कर की जरा.
त्यानं केलं.
मासे गेले. उरली
भिंतीवरची ओल, आणि आम्ही दोघं.

गंगाखेडात आमच्या आठवी ब ला शटर नाही.
पश्चिमेला चार खिडक्या,
त्यातल्या एकीचं दार वावटळीत गेलं ते गेलंच.
मार्चात अडीच वाजता ऊन आत येतं
तपासणीच्या साहेबासारखं, न विचारता,
आणि नेमकं फळ्यासमोर ठाण मांडतं.

दुसऱ्या दुकानदारानं विचारलं, खोली लांब किती?
फूट मला येईनात. बाकं सांगितली :
नऊ.
तो हसला नाही. पावतीच्या पाठीवर नऊ रेघा ओढल्या.
म्हणाला, लांबून टाकला की शिकवणाऱ्याची सावली पडते.
जवळून टाकणारा घ्या. महाग आहे, पण
त्यात माणूस चित्राच्या आड येत नाही.
हे वाक्य घेऊन मी एस.टी.त बसले.
एकवीस वर्षं झाली मला
फळ्यासमोर उभी राहून.

तिसरं कोटेशन नांदेडहून, टपालानं.
दिवा चार हजार तास चालेल, असं त्यात होतं.
सुट्ट्या, परीक्षा, भारनियमन वजा करून
मी हिशोब मांडला :
माझ्या निरोप समारंभानंतरही तो जळत राहील.

सभेत कार्याध्यक्ष बापू मुरकुटे म्हणाले,
बैठकीच्या हॉललाच बसवू. तिथं शोभेल.
तिथं मखमली पडदे, एसी, पाहुण्यांच्या खुर्च्या,
वर्षाला सहा सभा.
मुनीरभाई चहाचे कप मांडत होते. मांडता मांडता बोलले,
"हॉलात अंधार हाय बगा साहेब. आदीपासूनच."
ते पडद्यांविषयीच बोलले असावेत.
खजिनदारांना उगाच ठसका लागला.
विषय पुढच्या सभेवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर
मी नवव्या बाकावर जाऊन बसले.
आम्रपाली वाव्हळेची जागा.
बाकावर कर्कटकानं कोरलेली एक होडी.
समोर भिंतीला नकाशा,
त्यात गोदावरी म्हणजे कुणाचा तरी केस चिकटलेला.
आणि फळ्यावर माझं अक्षर,
ज्याचं कौतुक मी आयुष्यभर ऐकत आले,
मुंग्यांची रांग.
प्रगतिपुस्तकात मी तिच्यापुढं लिहिलं होतं :
वर्गात लक्ष नसते.
तीनही घटक चाचण्यांना.

पुढच्या सभेत मी बापूंना म्हटलं,
एकदा त्या बाकावर बसून बघा.
बसले. गुडघे आत जाईनात, तिरके बसले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग खिशातला चष्मा काढला, लावला,
पुन्हा काढला.
"नऊ रेघावाल्याचं घ्या," म्हणाले.

फळ्याशेजारची भिंत मुनीरभाईंनी चुन्यात नीळ घालून रंगवली.
खिडक्यांना बापूंच्याच वाढदिवसाचे जुने फ्लेक्स,
उलटे करून.
तरी कडेनं त्यांचा एक कान आत डोकावतो.

आज पहिल्यांदा लावला.
वायर पुरली नाही, मग पुरली.
वीज होती.
नकाशा आला तो डोक्यावर :
छताला टांगायच्या मशीनची काहीतरी सेटिंग,
मला कुठली कळायला!
पहिल्या बाकांवरची पोरं माना वाकड्या करून खिदळायला लागली.
मी बटणं दाबत होते, घाम पुसत होते,
तेवढ्यात मागून, अगदी मागून,
वर्षभरात न ऐकलेला आवाज :

"मॅडम,
गंगा उलटी व्हायलीय."