गंगावेशीत, मतदानाच्या रात्री

यंत्रं सील होऊन गेली.
दूधकट्ट्यावर बोटांची शाई वाळली,
तोंडं मात्र आता सुटली.

शौकत रिक्षावाला म्हणतो, बावीसशेनं येतोय, लिहून घे.
कागद कुणाकडंच नाही.
चौगुले मास्तर रिक्षाच्या धुळीत बोटानं लिहितात २२००,
आणि शेजारी स्वतःचे, पडायचे, ९००.
मटणाचं ताट लागलं. मग दोन ताटं.
एकानं मिशी लावली,
ती आधीच विरळ.

तालमीतली पोरं
बटण कुठलं दाबलं ते मोठ्यानं सांगतात,
पाकीट कुणाचं घेतलं ते हळूच.

इंदूबाई खाली बसून धार काढते.
"मावशी, तुम्ही कुणाला?"
"दिलो की."
"व्हय, पण कुणाला?"
"सकाळी सातलाच जाऊन दिलो.
म्हस ताटकळली माझी."

चरवीत फेस काठाला आलेला.
मी गिलास पुढं करतो, ती भरत नाही.
"थांब जरा. फेस बसू दे,
मग दूध किती ते दिसंल."

मास्तर विचारतात, परवापर्यंत हे आकडे राहतील न्हवं?
शौकत छातीवर हात ठेवतो :
रिक्षा पुसणार नाही, शब्द.

तेवढ्यात म्हशीनं शेपटी झाडली.
बावीसशेतलं एक शून्य गेलं.