पडलेल्या वस्तूंची वही

सी टॉवरच्या पायथ्याशी माझी खुर्ची,
डोक्यावर पत्रा, मांडीवर वही.
तारीख, वेळ, वस्तू, अंदाजे मजला.
गुरुवार, सव्वातीन: कपड्यांचा चिमटा, निळा.
त्याच दिवशी सहा दहा: अर्धी भाकरी
(कावळ्याची असावी).
वाघबीळच्या अलीकडे इमारती चढत गेल्या
तशी वस्तूंना पडायची सवय लागली.

एकोणिसाव्यावरचे टिपणीस सर,
निवृत्त, भौतिकशास्त्र, गुडघे गेलेले,
संध्याकाळी बाकावर टेकतात नि वही तपासतात,
जणू जर्नलच आलंय सहीला.
'अंदाजे मजला' खोडा, म्हणाले.
चिमटा चार-पाच मजले वेग घेतो,
मग हवा म्हणते, बस.
तिथून पुढे दहावा काय, एकतिसावा काय,
एकाच चालीनं येतो खाली
पोस्टमनसारखा,
कुठून निघालो ते विसरून.

नाण्याचंही तेच. गिरक्या घेत येतं,
टाळूला टेंगूळ देईल, कवटी फोडणार नाही,
पोरं उगाच काहीबाही सांगतात.
नट मात्र वेगळा.
जीव एवढासा, पण सगळा पोलाद;
हवेला धरायला त्यात जागाच नाही.
शेजारच्या बांधकामावरून, बाविसाव्यावरून सुटला एक,
रात्री दीडला पातलीपाड्याच्या पुलावर
मोकाट सुटलेल्या बाईकच्या वेगानं
आमचा पत्रा फोडून गेला.
मी तेव्हा पाणी प्यायला उठलो होतो.
भोक बुजवलेलं नाही. भर दुपारी त्यातून
उन्हाचा एक रुपया वहीवर पडतो.
त्याची नोंद करत नाही.

मुंगीला, सर म्हणाले, एकतिसाव्यावरून यायला
जवळजवळ एक मिनिट लागतं.
उतरते, मिशा पुसते, चालू लागते.
मी घड्याळ लावून बसलो एक मिनिट.
खूप असतं.
येऊरकडून एक घार आली, गेली;
कचऱ्याची गाडी ड्रायव्हरनं मागे घेतली,
परत पुढे घेतली,
तरी मुंगी आपली वाटेतच.

मोईनुल चौथ्यावर होता.
रंगाचं काम, दोर जुना.
बारा मीटर. हे सरांनी मांडून दाखवलं नाही.
मीच मांडलं, अकरावी नापास असून,
वहीच्या शेवटच्या पानावर:
दीड सेकंद.
आईला हाक मारायची तर अर्धीच होते.
रकाना वस्तूंचा आहे,
म्हणून त्या तारखेला फक्त ब्रश लिहिला,
चार इंची, पिस्ता रंग, अजून ओला.
न्यायला कुणी आलं नाही.

आज एकतिसाव्यावरच्या राजाध्यक्ष बाई
चिमटा न्यायला आल्या.
उलटापालटा करून पाहिला, स्प्रिंगसुद्धा शाबूत.
"इतक्या वरून पडून?"
उंचीचं काही नसतं, मॅडम, मी म्हणालो,
आणि सहीसाठी वही पुढे केली.