माया

साठ इंचांची टेप माझ्या कमरेला पुरत नाही,
हे अख्ख्या म्हापशात दोघांनाच ठाऊक.
मला आणि बाबुसोला.
बाबुसो दुसरी टेप जोडतो,
आकडा मोठ्यानं म्हणत नाही, वहीत लिहितो,
गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी नुसती रेघ.

पर्वरीला डॉक्टर मेनेझिसबाईंनी कागदावर पोट काढलं.
दुधी भोपळाच काढला म्हणा.
त्यावर पेन्सिलीची उभी रेघ:
ही स्लीव्ह. पाऊण पोट बाहेर, उरते अरुंद नळी.
मी म्हटलं, बाई, स्लीव्ह म्हणजे बाही.
छत्तीस वर्षं बाह्याच चढवतोय,
फुग्याच्या, बिनफुग्याच्या,
किरिस्तांव नवरीच्या मनगटावर टोक काढलेल्या.
त्या हसल्या.
मग मी विचारलं, कापलेलं परत जोडता येतं?
"नाही, रोहिदास."

दुसरा भोपळा.
वर अंड्याएवढी पिशवी, तिला खालून आतडं आणून जोडलेलं,
बाकीचं पोट तसंच आत, बाजूला.
बायपास.
गोळ्या मात्र जन्मभर, आणि रक्त तपासत राहायचं.
पट्ट्याचं विचारलं, तर तो आता फारसा कोणी घालत नाही.
फुगा म्हणजे सहा महिन्यांचा पाहुणा,
त्याच्यामागून वजन पुन्हा घरी.
"तुमची साखर बघता, आणि ती आंबट ढेकर बघता,
मी दुसरं म्हणेन. पण पोट तुमचं."

पोट माझं.
हे वाक्य मला आजवर कोणी इतक्या आदरानं म्हटलं नव्हतं.

शिवोलीचा आग्नेल बाही करून आला.
काजूच्या काडीसारखा दिसतो, नवा शर्ट माझ्याकडूनच शिवला,
पण रात्री उशा रचून बसून झोपतो,
घशाशी जळतं म्हणतो.
दिवचलीची सुरंगा बायपासवाली.
चवथीला दोदोलाचा एक तुकडा जिभेवर ठेवला
आणि घामानं न्हाली, पाटावर आडवी झाली.
दोघंही म्हणतात, बरं केलं.
दोघंही म्हणतात, माझ्यासारखंच कर.

प्रफुल्ला काही म्हणत नाही.
हुमणात सोलं घालते, चव बघते,
माझ्या ताटात भात वाढताना तिचा हात
आता मध्येच थबकतो, पळीसकट.
काल म्हणाली, कोलवाळच्या मामांचं दुकान आठवतं?
हमरस्ता वळवला तेव्हा सगळे म्हणाले, संपलं.
गाड्या गेल्या. पण मामा उठायचे, चूल पेटवायचे,
गावातली चार माणसं यायची, चहा व्हायचा.
इतकंच बोलली, आणि नळ सोडून भांडी घासायला लागली.

रात्री लिनेटचा गाऊन कापायला घेतला.
पांढरी सॅटिन, मीटरला नऊशे रुपये,
कात्री चुकली तर माझ्याच खिशातून.
खडूनं रेघ मारली, आणि सवयीनं
रेघेच्या बाहेर दीड बोट जास्त सोडलं.
बाप म्हणायचा, अंगाबरोबर कधी कापू नये.
पोरगी अंगानं भरेल, तिला पोर होईल,
दहा वर्षांनी कुणीतरी ही शिवण उसवेल
तेव्हा आत कापड सापडायला हवं.
ह्या सोडलेल्या कापडाला आम्ही माया म्हणतो.
बापानं शब्द सांगितला, अर्थ नाही सांगितला.

कात्री खाली ठेवली.
बाजूला राहिलेलं ते पोट,
जिथं पुन्हा घास जायचा नाही,
तरी आपला रस ते गाळतच राहणार, बाई म्हणाल्या होत्या.
राहू दे आत.
परत कधीच उसवायचं नसलं तरी राहू दे.
हे डॉक्टरांना पटेल असं कारण नाही,
त्यांच्याकडे साखरेचं कारण आहे, ते पुरे.

भीती गेली नाही. टाके मी घालतो, घेत नाही.

सकाळी बाबुसोला सांगितलं, बायपास.
त्यानं वही उघडली, रेघ खोडली,
तिथं माझं नाव लिहिलं, "रोहीदास", ही दीर्घ.
मी तसंच राहू दिलं.
मग कानावरची पेन्सिल काढून विचारतो,
"मास्तर, डिलिव्हरीची तारीख काय घालू?"