निशाणी

भोंगे फिरायच्या आधी मला कळतं.
गठ्ठ्यात पांढरं वाढतं,
कोळसा दोन पोती जास्त लागतो,
आणि नगरपालिका शाळेच्या भिंतीला टेकलेलं माझं टेबल
रात्री अकराची गाडी शिट्टी देऊन गेली तरी गरमच असतं.

मनमाडचं नगराध्यक्षपद यंदा महिलेला.
म्हणून रत्नाकर आहेरांचे कुडते आले चौदा
आणि उमेदवार कुमुदिनीवहिनींच्या साड्या दोन.
कुडत्यांना कडक खळ. साड्यांना, 'कशीही चालेल.'
हे वहिनी नाही बोलल्या, गठ्ठा आणणारा पोऱ्या बोलला.
चौकातल्या फ्लेक्सवर वहिनी हात जोडून,
मागे साहेब, साहेबांच्या मागे साहेबांचे साहेब,
सगळ्यांत मागे ढग.

दुसऱ्या नसीमबानू मन्सुरी.
दुपट्टे स्वतः आणतात, मोजून देतात, मोजून नेतात.
'भाऊ, तुमच्याकडं नळ कधी आला?'
सतरा दिवस झाले, मी म्हणतो.
'आमच्याकडं एकोणीस.'
मग दोघंही गप्प,
जशी एखाद्या जुन्या दुखणेकऱ्याची चौकशी करून झाली.

खिसे मी तपासतो. बापाने घालून दिलेला नियम:
सापडेल ते परत, दिसेल ते विसर.
आहेरांच्या खिशात पित्ताच्या गोळ्या,
हारांचा हिशोब,
आणि एक यादी. गल्ली, आकडा, कुणाच्या हाती.
माझ्या गल्लीपुढे पेन्सिलीने: 'हे होतील.'
काय होतील, ते नव्हतं लिहिलेलं.
मी यादीच्याच घडीवर घडी पाडली, परत ठेवली.
विसरलो मात्र नाही.

तिसरी हौसाबाई पगारे, अपक्ष.
पालिकेच्या दवाखान्यातली रिटायर आया.
अर्ध्या गावाची नाळ हिच्या डोळ्यांदेखत कापलेली.
तिचं कापड माझ्या टेबलावर कधी आलं नाही,
साडी गादीखाली घालते नि वर झोपते,
सकाळी घडी अशी की मीच लाजावं.
निशाणी मागितली होती माठ.
मिळाली इस्त्री.

आली हसत, टेबलाला टेकली.
'सखाहरी, तुझं दुकान आता माझं प्रचार कार्यालय.
भाडं मागू नको.'
एवढाच तिचा प्रचार. भोंगा नाही, फ्लेक्स नाही,
दारोदार जायची, पाणी मागायची प्यायला.
कोण देतं ते बघायची.

मतदानाच्या सकाळी एक साहेब टेप घेऊन आले.
शाळेच्या फाटकापासून माझं टेबल सव्वीस मीटर.
'हे झाका.'
काय झाकू?
'निशाणी आहे ती. शंभर मीटरच्या आत चालत नाही.'
साहेब, सात किलोची आहे. बापाच्या हातची आहे.
तेव्हा हौसाबाईला निवडणूक माहीत नव्हती.
साहेब हसले नाहीत. बिचाऱ्यांना रात्रभर झोप नव्हती.
मी गोणपाट टाकलं.

इस्त्री गरमच होती.
गोणपाटातून बारीक धूर निघाला,
रांग वळून बघायला लागली.
पोलीस बघायला लागला. साहेब बघायला लागले.
कुणीतरी विचारलं, 'काय आहे रे खाली?'
मी आचारसंहिता पाळली,
काही बोललो नाही.

हौसाबाईला तीनशे बारा मतं पडली. अनामत गेली.
नसीमबानू थोडक्यात राहिल्या,
दुसऱ्या दिवशी दुपट्टे मोजून घेऊन गेल्या,
पैसे सुट्टे दिले.

आज आहेरांचा गठ्ठा आलाय.
चौदाही कुडते गुलालाने माखलेले, गळ्यापासून टाचेपर्यंत.
त्यातच वहिनींची साडी. झटकून पाहिली,
उजेडात धरून पाहिली.
एक ठिपका नाही.

पोऱ्या म्हणतो, संध्याकाळी सत्कार आहे, फिरवून द्या तशीच.
तशीच कशी फिरवू?
गुलालावर इस्त्री फिरली की डाग जन्माचा बसतो.
आधी धुवायला हवं.

आणि नळ, अजून नऊ दिवस नाही.