सात खिळे

मौलाच्या घोड्याचं नाव वकील.
सहा वर्षांत एक खटला हरला नाही म्हणून.
रंग कुमैत, कपाळावर चांदकी,
पाय जमिनीला टेकायचे
ते नुसते सही करण्यापुरते.

पांगऱ्याच्या माळावर, मन्याडच्या अंगाला,
सात अडसर मांडले होते दरसालसारखे.
बोराटीची कुंपणं, ओढा, शेवटी कडब्याच्या गंज्या
अन् मधी पाचवा तो जुना दगडी बांध,
ज्याच्यावर शेरडं चढतात,
लेकरं बसून हुरडा खातात.

ओढा त्यानं असा ओलांडला
की पाण्याला पत्ता लागला नाही.
बाकीची चार घोडी तिथंच चिखलात बसली.
मौलानं पेढ्याच्या पुड्याची सुतळी सोडली.

मग बांध आला
अन् वकील थांबला.

घसरला नाही. बुजला नाही.
पुढचे दोन्ही पाय जुळवून
कचेरीच्या दारात उभं राहावं तसा
उभा राहिला, कान पुढं करून.
मुंजाजी मानेवरून सुटून बांधापल्याड पडला.
स्वार पोचला, घोडा राहिला.

लई मागून आली नरबा कुंभाराची तट्टी,
रोज गाढवांच्या जोडीनं माती वाहणारी,
पाठीवर खोगीर नाही, गोणपाट.
तिनं उडी मारलीच नाही.
चढली, उतरली, वकिलाकडं बघितलंसुद्धा नाही,
गंजीतला कडबा तोंडात धरून
चघळत चघळत जिंकली.

रात्री सगळे माझ्याकडं आले. नालबंद मी.
कंदिलाच्या उजेडात खुर मांडीवर घेतला.
बाहेरून चार, आतून तीन,
सातही खिळे जागच्या जागी.
तळव्यात खडा नाही. नळीला हात लावला, गार.

मौला भिंतीकडं बघत म्हणाला,
"उद्या लातूरचा दलाल येतोय.
देऊन टाकतो. वरातीत नाचू दे
बेंडबाज्याच्या पुढं."

मला काहून की मुदखेडचं ठेसन आठवलं.
सिकंदराबादेत, रेसच्या घोड्यांना नाल ठोकायची नोकरी,
पत्र्याची ट्रंक, तिकीट, फडक्यात बांधलेल्या भाकरी.
गाडी आली. उभी राहिली.
मी पण उभा राहिलो.
बायको अजून विचारते काय झालं होतं,
मी अजून सांगतो, पोटात दुखत होतं.

"खिळा ढिला होता," मी म्हटलं.
"माझाच हात चुकला."

बावीस वर्षांचा हात.
मुंजाजीनं माझ्याकडं बघितलं.
सातही खिळे त्यानंच मोजले होते सकाळी,
एक एक, बोट लावून.
काही बोलला नाही. कोपराला हळद लावत बसला.

यंदा जत्रेत माझ्यापुढं दोनच घोडी आली.
बाकीची रांग पलीकडं, नव्या पोराच्या पालात,
त्याच्याकडं खुर घासायचं मशीन आहे.

दिवस कलल्यावर वकील आला तिसरा.
मी वाकायच्या आधीच
त्यानं पाय उचलून दिला
अन् अंगाचा सगळा भार
टाकला माझ्या मांडीवर,

आळशी कुठला.