डावी तीन, उजवी पाच

एकही खिडकी दुसरीसारखी नाही.
कंपनीतून निघाल्या तेव्हा असतील सगळ्या एका साच्यातल्या,
पण एकोणीस वर्षं धायरी ते टिळक रोड खड्डे खाल्ले
की पत्रासुद्धा आपापल्या स्वभावाने बसतो.
म्हणून प्रत्येकीवर जुनं वर्तमानपत्र दाबते,
अंगठ्याच्या नखाने रबराची कड उमटवते,
त्या वळावरून कात्री नेते,
आणि कोपऱ्यात पेन्सिलने लिहिते:
डावी तीन. उजवी पाच.

दिगंबर म्हणतो, असं नको लिहूस.
डावी तीन म्हणजे ओजस,
वडगावचा पूल आला की ओकणारा.
उजवी पाच म्हणजे त्या जुळ्या,
खिडकीवरून भांडायच्या, दोघींना चष्मा एकाच आठवड्यात लागला.
आणि अगदी मागची विहंगची.
त्याने कंपासच्या टोकाने पट्टीवर नाव कोरलंय,
'ह' उलटा.

शाळेने सांगितलं, आता ही बस नको.
आम्ही म्हटलं, मग आम्हाला हवी.
सीट काढल्या, फळ्या ठोकल्या, शेगडी बसवली.
खालचे गानू येऊन बघून गेले.
म्हणाले, नाव दिगंबर, आणि पडदे कशाला?

बोहरी आळीत चंदेरी फोम मीटरवर मिळतो.
दुकानदाराने विचारलं, पत्र्याखाली लावायचाय? गच्चीवर?
म्हटलं, नाही, राहायचंय.
त्याने अर्धा मीटर जास्त मोजला.
बाहेरच्या बाजूला छत्रीचं काळं कापड.
आतल्या बाजूला काय, ते मला शिवायला बसेपर्यंत ठाऊक नव्हतं.
मग कपाटाचा खालचा खण उघडला.
फॉल-पिकोच्या धंद्यात एक खण असा होतोच:
माप देऊन गेलेल्या, आणि परत न आलेल्या बायकांचा.
अंजिरी, मोरपंखी, एक खणाचा तुकडा,
चिठ्ठीवर 'शुक्रवारी नक्की' आणि चुकलेला फोन नंबर.
बावीस वर्षांचे शुक्रवार मी खिडक्यांना लावले.

प्रत्येक कडेत चुंबक शिवले. ऐंशी.
टाका घट्ट, गाठ आत, बोटांना भोकं.
मग पहिला पडदा लावायला गेले
आणि तो सरळ पायावर पडला.
चौकट ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम चुंबक धरत नाही.
हे दिगंबरला माहीत होतं.
तू विचारलं नाहीस, म्हणाला.
त्या दिवशी मी त्याच्याशी चहापुरतंच बोलले.

उसवायला मला वेळ लागत नाही, आयुष्य त्यातच गेलं.
चारी बाजूंना दोन-दोन इंच पट्टी वाढवली,
चुंबक पत्र्यापर्यंत पोचले,
आणि टक् टक् टक् करून पडदा जागेवर बसला,
जसा एखादा हट्टी मुलगा अचानक ऐकतो.

काल रात्री चाचणी.
बस सोसायटीच्या भिंतीलगत,
'गेटसमोर वाहन लावू नये'पासून मोजून चार हात लांब.
तो आत बॅटरी घेऊन, मी बाहेर शिंप्याचा खडू घेऊन.
जिथून उजेड गळेल तिथे खूण करायची, असं ठरलेलं.
डाव्या दोनला वरचा कोपरा. खूण.
डावी तीन, खाली बारीक रेघ. खूण.
मग लक्षात आलं, तो खिडक्या तपासतच नाहीये.
बॅटरी खाली धरून सावकाश मागे चाललाय,
एका जागी थांबून, वाकून, पुन्हा पुढे,
जसा रोज शेवटच्या फेरीनंतर चालायचा,
कुणी झोपून राहिलं नाही ना, बघत.
सीट नाहीत आता, तरी थांबायचा तिथेच थांबला.

उजवी पाच. उजवी सहा.
मागच्या खिडकीपाशी उजेड आला
आणि बोटभर फटीतून बाहेर सांडला,
माझ्या चपलेवर, गटाराच्या झाकणावर.
बराच वेळ हलला नाही.

तिथे मी खूण केली नाही.
चार चुंबक उरलेत. बघू.